आत्याबाईंचा गालिचा

माझ्या सासूबाईंना तीन लेकरं आहेत असं मी माहेरी सांगते. एक माझा नवरा नवनाथ, दुसरी केजला दिलेली नणंद, आणि तिसरा बैठकीत अंथरलेला गालिचा. सगळ्यात जास्त लाड कुणाचे, हे त्या दोघा भावंडांना विचारू नका, भांडणं होतील.

सासूबाईंचं नाव जाईबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासरे मी या घरात यायच्या आधीच गेले, त्यामुळे घरात राज्य त्यांचंच. उंचीला बेताच्या, अंगाने काटक, आणि तोंडाने म्हणाल तर ज्वारीच्या कणसावरून पाखरं उठावीत अशा. पण ही बाई दारात पाहुणा आला की एकदम मधाचं बोट होते. त्यात गालिच्याचं राजकारण आहे, ते मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

आमचं गाव नांदूरघाटपासून जवळच. जमीन काळी. सोयाबीनला, कापसाला चांगली, माणसाच्या पायाला वाईट. पावसाळ्यात शेतातून घरी येईपर्यंत चप्पल एवढी जड होते की अर्ध्या वाटेत माणूस ती हातात घेतो आणि अनवाणी येतो. भीमनगरातला सिमेंटचा रस्ता विहारापर्यंत आला आणि तिथे त्याचा दम संपला. पुढे आमच्या दारापर्यंत नुसता राडा. अशा ठिकाणी मरून रंगाचा, पिवळ्या वेलबुट्टीचा, बोट रुतेल एवढा जाड गालिचा बैठकीत अंथरून ठेवणं म्हणजे मांजराच्या पुढ्यात दूध ठेवून त्याला राखण सांगण्यासारखंच आहे.

तो गालिचा आला कसा, तर आत्याबाई वीस-बावीस वर्षं एका मंडपवाल्याकडे बिछायतीच्या कामाला होत्या. लग्न दुसऱ्याचं, जाजम दुसऱ्याचं. यांनी टेम्पोतून उतरवायचं, अंथरायचं, लोड-तक्के लावायचे आणि बाजूला उभं राहायचं. पंगती उठल्या की वरणाचे डाग, पानाच्या पिचकाऱ्या, लेकरांचं सगळं काही धुवायचं. एवढ्या वर्षांत अंथरलेल्या बिछायतीवर कधी बूड टेकलं नाही. बसायला वेळच मिळत नव्हता, असं त्या म्हणतात. पुढे मंडपवाल्याने नवा माल आणला आणि जुना काढला, तेव्हा यांनी दिवाळीची साडी नाकारून हा गालिचा मागून घेतला. एका कोपऱ्याला सिगारेटने पडलेलं भोक आहे. तो कोपरा कायम कपाटाखाली असतो, आणि कपाट हलवायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

आता एखादी बाई गालिच्याला जपायचं म्हटल्यावर काय करेल? दारावर उभी राहून सांगेल, "पाय धुवून या, चपला तिकडं काढा, ओल्या पायानं येऊ नका." आत्याबाईंच्या तोंडून असं एक अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं. आल्या माणसाला बस म्हणावं, कुठे बस हे सांगू नये, हा त्यांचा कायदा. एकदा नवनाथचे मित्र आले होते, आणि हा आतूनच ओरडला, "चपला बाहेर काढा बे, अन् गालिच्यावर पाय नका देऊ!" मित्र गेल्यावर आत्याबाईंनी या तिशीच्या घोड्याच्या पाठीत असा धपाटा घातला की मी स्वयंपाकघरात दचकले.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. त्या लहान होत्या. त्यांचे वडील सटवा, गावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नात दिवसभर लाकडं फोडून थकले आणि मांडवातल्या जाजमाच्या अगदी कडेला टेकले. कुणीतरी म्हणालं, "सटवा, खाली बस." रागावून नाही, हसतच म्हणालं. सटवा उठले, खांद्यावरच्या पटक्याने बसलेली जागा झटकली, आणि मातीत जाऊन बसले.

"उठिवलं त्याचं मला काय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "पन माझ्या बापानं ती जागा झटकली गं. कावून झटकली?"

तर असा पेच होता. गालिचा तर जिवापाड जपायचा, आणि कुणाला चकार शब्द बोलायचा नाही. त्यातून बाईने अकलेचे एकेक नमुने काढले. रस्त्यापासून दारापर्यंत सपाट दगड टाकले, ते अशा अंतरावर की माणसाचा पाय आपोआप त्यांच्यावरच पडावा. दारात अर्धा कापलेला ड्रम पाण्याने भरलेला. त्यानंतर एक ओलं पोतं, मग उंबऱ्याच्या आत एक कोरडं पोतं. आणि पाहुणा दिसला की आत्याबाई तांब्या घेऊन पुढे. "लई लांबून आलाव, पाय मोकळे करा," म्हणत स्वतःच्या हाताने पायावर पाणी घालायच्या. पाहुण्याला वाटायचं केवढा हा मान! मी आतून बघायचे आणि हसू दाबायचे. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा या पाहुणचाराने त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

बरं, पाणी घालून भागत नसे. गालिच्यावर चिखल पडलाच तर ओला पुसायचा नाही, वाळू द्यायचा आणि मग झटकायचा. दुपारच्या कडक उन्हात टाकायचा नाही, रंग उडतो. गुंडाळायचा तर लिंबाचा पाला घालून. हे सगळं करायचं कुणी? सुनेने. मी बारावी पास आहे, विहारात ग्रंथवाचन माझ्याकडे असतं, बचत गटाची सचिव आहे. पण घरात माझा खरा हुद्दा गालिचा झटकणारीण.

यंदा विहाराचं बांधकाम निघालं. स्लॅब टाकला आणि खाली टेकूच्या बल्ल्याच बल्ल्या. पावसाळ्याचे तीन महिने चालणारा वर्षावास सुरू होता, त्यात रोज संध्याकाळी वाचन असतं, ते आता कुठे करायचं म्हणून बैठक झाली. कुणी शाळेचा व्हरांडा म्हणालं, कुणी समोरचं पत्र्याचं शेड. आमच्या आत्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरी करा. माझ्याकडं बिछायत हाय."

नवनाथने माझ्याकडे बघितलं, मी नवनाथकडे. भाद्रपदातला पाऊस, चाळीस माणसं, म्हणजे ऐंशी पाय, तेही रोज. पण त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की आम्ही दोघेही गप्प बसलो. दुसऱ्यांच्या मांडवात आयुष्यभर बिछायत घातलेल्या बाईला आपल्या घरी आपली बिछायत घालायची होती. तेवढ्यासाठी चिखल काय, पूर आला असता तरी चाललं असतं.

पहिले काही दिवस त्या दारात तांब्या घेऊन उभ्याच. येईल त्याच्या पायावर पाणी. "या, पाय मोकळे करा. या गं बाई, पाय मोकळे करा." शेवटी शेजारच्या संगीताकाकूंनी विचारलंच, "जाईबाई, खरं सांगा, तुमी आमचे पाय धुवायलाव का गालिच्याचे?" सगळी बैठक खदखदून हसली. आत्याबाईही हसल्या, पण तांब्या काही खाली ठेवला नाही. माणसंही भली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण घरूनच पाय घासून येऊ लागला. गालिच्याला महिनाभर डाग म्हणून नाही.

मग तो मंगळवार आला. दिवसभर पाऊस धो धो. संध्याकाळी बैठक भरलेली, मी वाचायला बसलेले, आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावर मेणकापड, गुडघ्यापर्यंत काळा चिखल, त्यात मेंढराच्या लेंड्या. अंगाला ओल्या लोकरीचा वास, सगळ्या घरात भरला. हातात काठी.

"बाई, वाळक्या गवऱ्या हायत का दोन? चूलच पेटंना. आमी माळावर हाव. कडा गावाकडचे."

हा सोमनाथ. मेंढपाळ. गावाबाहेरच्या माळावर दोन-तीन दिवसांपासून त्यांची मेंढरं बसली होती. आत्याबाईंकडे अंघोळीच्या चुलीसाठी गवऱ्यांचा साठा असतो. त्या लगेच उठल्या. पण तेवढ्यात पाऊस असा कोसळला की गवऱ्या दिल्या तरी त्या माळापर्यंत वाळक्या पोचल्या नसत्या.

"थांबा दादा, पाऊस उघडू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

सोमनाथ आत आला. एक पाऊल उंबऱ्यात, दुसरं गालिच्याच्या रोखाने. माणूस गारठलेला होता, जिथे माणसं बसली आहेत तिथेच निघाला, त्यात काय! आणि आत्याबाईंच्या तोंडून गेलं:

"तिकडं न्हाई, तिथं खाली, पोत्यावर बसा."

तो लगेच थांबला. "हाव की," म्हणाला, आणि उंबऱ्याजवळच्या कोरड्या पोत्यावर उकिडवा बसला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मीही वाचत राहिले. माणूस एवढा चिखलाने भरलेला होता की कुणीही तेच म्हटलं असतं. वाचन संपेपर्यंत तो हात जोडून ऐकत होता. त्याला किती कळलं आणि किती नाही कोण जाणे, पण हात जोडलेलेच होते.

पाऊस थोडा उघडला तसा तो उठला. बसलेलं पोतं उचललं, दारात जाऊन दोनदा झटकलं, चौघडी घातली आणि जागेवर ठेवलं. आत्याबाई टोपल्यात गवऱ्या घेऊन आल्या होत्या, वर प्लास्टिक झाकलेलं. त्या तशाच थिजल्या. सोमनाथने टोपलं त्यांच्या हातातून घेतलं, "उपकार झाले बाई," म्हणाला, आणि गेला. आत्याबाईंचे हात टोपलं धरल्यासारखेच पुढे राहिले होते.

माणसं उठायला लागली. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी त्याला खाली बसवलं," म्हणाल्या. पहिल्यांदा कुणाला समजेचना की त्या कशाबद्दल बोलताहेत. मला समजलं.

गल्लीतले तानाजी मामा समजूत घालायला गेले. "जाई, एवढं काय त्यात? त्याच्या आज्यानं तुझ्या बापाला बसू दिलं असतं का जाजमावर? पानी तरी पिलं असतं का आपल्या हातचं? फिटंफाट झाली म्हन अन् सोड."

आत्याबाईंचा आवाज चढला. "ज्यानं उठिवलं त्याच्याशी कर की फिटंफाट! हा पावसातून आलेला मानूस. ह्याच्याशी कसली फिटंफाट करतूस?" मग आवाज खाली आला. "अन् फिटंफाट न्हवती रं तानाजी. मला त्याची जात बी दिसली न्हाई. मला निस्ता गालिचा दिसला."

त्या जेवल्या नाहीत. मी दोनदा ताट नेलं, दोनदा परत आणलं. एरवी मी त्यांना टोमणा मारायची संधी सोडत नाही, पण त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. साठी उलटलेल्या बाईने आयुष्यभर जीभ आवरून एक गोष्ट सांभाळली, आणि ती तिच्याच तोंडून मोडली. माझ्या मनात आलं, पेटवून द्यावा हा गालिचा. म्हटलं मात्र नाही.

सकाळी पाऊस थांबला होता. आत्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "चल." कुठे ते विचारायची गरज नव्हती. माळापर्यंतची वाट म्हणजे एक पाय काढावा तर दुसरा रुतावा. दोघी एकमेकींना धरून गेलो.

मेंढरं ओली, एकमेकांना चिकटून उभी. मेणकापडाचं पाल एका बाजूने खचलेलं. सोमनाथची बायको बायडाबाई चुलीत फुंकर घालत होती, आमच्याच गवऱ्या, पण चुलीचे तीन दगडच ओले होते, धूर नुसता. कोकरं डालग्याखाली झाकलेली. बसायला म्हणून वीतभर कोरडी जागा कुठे दिसेना. सोमनाथचा भाऊ मेंढरांचे खूर तपासत होता. सोमनाथ आम्हाला बघून पुढे आला.

आत्याबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दादा, काल माझं चुकलं."

"काय चुकलं बाई? गवऱ्या तर दोन जास्तच व्हत्या."

"गवऱ्याचं न्हाई. मी तुमाला पोत्यावर बसवलं. बाकीची समदी गालिच्यावर व्हती."

सोमनाथने बायकोकडे बघितलं. बहुतेक ही बाई काय म्हणते ते त्याला कळत नव्हतं. मग तो हसला. "पोतं कोरडं व्हतं की बाई. पोळ्यापासून आमचं बूड कोरड्याला टेकलं न्हवतं. मी घरी येऊन हिला सांगितलं, एका बाईनं लई चांगलं कोरडं पोतं दिलं बसायला."

बायडाबाईने धुरातूनच मान हलवली, खरंच सांगितलं होतं.

मला वाटलं, चला, मिटलं. माणसाला राग नाही, उलट आनंदच आहे. मी आत्याबाईंकडे वळले तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चार शिव्या ऐकायची तयारी करून आली होती ही बाई. हे ऐकायची नव्हती.

"सांजच्याला या," त्या म्हणाल्या. "दोघं बी. जेवायलाच या."

"मेंढराजवळ—"

"भाऊ हाय न्हवं? त्याला डबा देते. तुमी या."

परतताना त्या वाटेत एकदाच बोलल्या. "राग बी आला न्हाई गं त्याला. माझ्या बापाला बी आला नसंल का?" मी म्हटलं, "आत्याबाई, दगडावर पाय द्या, पडाल."

संध्याकाळी मी भाकरी थापत होते, शेंगदाण्याचं कालवण चुलीवर. नवनाथ बाहेरून आला आणि विचारू लागला, "पोते कुठं गेले दारातले?" आत्याबाई म्हणाल्या, "न्हाणीत टाकलेत." ड्रमही न्हाणीत गेला होता. बैठकीतली माणसं आली तशी दारात क्षणभर गडबडली, काय पुसावं, कुठे पुसावं. मग ज्याने त्याने आपापलं धोतर-लुगडं सावरलं आणि सगळी आत आली.

सोमनाथ आणि बायडाबाई आले. त्याने धुतलेला सदरा घातला होता, पण वाळलेला नव्हता. आधी त्याची नजर उंबऱ्याच्या आत, पोत्याच्या जागी गेली. तिथे काही नाही बघून तो अवघडला. आत्याबाईंनी तांब्या घेतला आणि त्याच्या पायावर पाणी घातलं, मग बायडाबाईच्या. तळव्यांच्या भेगा इतक्या खोल होत्या की त्यांतली काळी माती निघेना. सोमनाथ एका पायाने दुसरा घासू लागला.

"निघत न्हाई बाई. ही आता आमची कातडीच झाली."

"ऱ्हाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या. "चला."

त्यांनी दोघांना मध्यभागी नेलं, जिथे वेलबुट्टीचं मोठं फूल आहे तिथे. सोमनाथ बसला, पण पाय गालिच्याबाहेर फरशीवर ठेवायची त्याची खटपट चाललेली. मधोमध बसलेल्या माणसाचे पाय बाहेर कसे पोचणार? तो विचित्र वाकला. आत्याबाई खाली बसल्या आणि त्याचे दोन्ही पाय धरून गालिच्यावर ठेवले. बायडाबाईने तोंडाला पदर लावला. तानाजी मामा खाली मान घालून होते.

मी वाचायला सुरुवात केली. पान-दोन पानं झाली असतील. मधूनच घुर्र असा आवाज आला. वर बघते तर सोमनाथ झोपलेला. आधी मान पडली, मग खांदा, आणि मग सगळा माणूस हळूच आडवा झाला, गालिच्यावर गाल ठेवून. ओल्या सदऱ्याचा पाण्याचा डाग मरून रंगावर पसरत चालला होता. तळव्यातली काळी माती पिवळ्या वेलीला लागली. मागे दोन पोरी फिसकन हसल्या. बायडाबाई शरमेने अर्धी झाली. "आवं, उठा की," म्हणत तिने त्याचा दंड धरला, आणि तानाजी मामाही उठवायला पुढे सरकले.

"हात लावू नगा," आत्याबाई म्हणाल्या. "कुनी उठवू नगा त्याला."

मी पुस्तक मिटून थांबले होते. त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले होते, पण चेहरा असा मोकळा मी त्यांचा आजवर पाहिला नव्हता.

"तू वाच की गं आम्रपाली. हळू वाच जरा."

मी हळू वाचलं. इतकं हळू की दाराजवळच्या माणसांना शब्द पोचत नसणार. पण त्या संध्याकाळी कुणी मोठ्यानं वाच म्हणालं नाही.